ओल्या हवेतलं वार्निश

धुकं पहाटेपासून गल्लीत ठाण मांडून बसलं होतं. दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही ओलेच, मागचं दार फुगून चौकटीत अडकत होतं आणि मिठाच्या बरणीत चमचा घातला की मिठाऐवजी ढेकूळ वर येत होतं. दातवाली साडेसहापासून मागच्या खोलीत बसली होती. डोळ्यांवर भिंग, ओठांत एक ब्रश, हातात दुसरा. समोर औषधांच्या बाटल्यांची अठ्ठेचाळीस झाकणं रांगेत मांडलेली आणि प्रत्येक झाकणावर मातीच्या गोळीनं चिकटवलेला एकेक सैनिक, बोटाच्या दोन पेरांएवढा. निळे डगले, छातीवर पांढरे पट्टे, पाठीला पडशी. शेवटच्याच्या बकलवर तिनं पिवळा ठिपका ठेवला, रोखून धरलेला श्वास सोडला आणि म्हणाली, "झालास बाबा एकदाचा."

"कोण झाला?" बाहेरून नवऱ्यानं विचारलं. तो शाळेची बस चालवायचा. आज शनिवार, शाळा बंद, म्हणून ओले कपडे इस्त्रीनं वाळवायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं.

"शेवटचा सैनिक."

"मग धाडून दे त्यांना लढाईवर. महिना झाला, मी ताट मांडीवर घेऊन जेवतोय."

टेबलावर खेळायची लढाई असते ही. मोठ्या टेबलावर पुठ्ठ्याचे डोंगर, हिरव्या कापडाची कुरणं. फूटपट्टीनं मोजून सैन्य पुढं सरकवायचं आणि फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं. सैनिक मात्र तयार मिळत नाहीत. कोऱ्या प्लास्टिकचे सुटे भाग येतात, मुंडकी वेगळी, हात वेगळे, बंदुका वेगळ्या. ते कापायचे, खरवडायचे, जोडायचे, रंगवायचे. ज्यांना खेळायचं असतं पण रंगवायला हात नसतो किंवा वेळ नसतो, ते दातवालीकडे येतात.

तिला हे नाव पडलं ते उगीच नाही. सव्वीस वर्षं ती नकली दात बनवायच्या कारखान्यात होती. दातांच्या सोळा छटा तिला डोळे मिटून सांगता यायच्या. म्हाताऱ्याचा पिवळट, विडी ओढणाऱ्याचा धुरकट, चहानं रापलेला, नुकताच घासलेला. मग कारखान्यात एक यंत्र आलं आणि मालकानं तिला फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं. चार महिने ती घरात भांडी आपटत हिंडली. त्याच सुमारास तिचा भाचा नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला आणि त्याचं एक खोकं इथं राहिलं. त्यात अर्धवट जोडलेला एक राक्षस. तिनं तो जोडला, आणि कारखान्यातली सवय जाईना म्हणून पहिल्यांदा त्याचं तोंड रंगवलं. भाच्यानं सुट्टीत येऊन तो या लढायांच्या क्लबात नेला, तर बघायला रांग लागली. राक्षसाच्या हिरड्या जागोजाग सुजलेल्या, सुळे मुळाशी पिवळे आणि खालच्या डाव्या दाढेत चांदी भरलेली.

रांगेत एकच माणूस हसला नाही. तो नकाशेकाका.

नकाशेकाका जमीन मोजणीच्या ऑफिसात पस्तीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेले. क्लबात रंगाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. उत्तम ब्रशकामाची दर वर्षीची ढाल तीन वर्षं लागोपाठ त्यांनीच नेलेली. त्यांच्या सैनिकांच्या डगल्यावर काजांच्या काळ्या रेघा असायच्या, केसाहून बारीक, एका जाडीच्या, जराही न थरथरलेल्या. लोक विचारायचे, काका, कुठला ब्रश? काका म्हणायचे, "हात लागतो, ब्रश नाही." राक्षस त्यांनी उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "दात झकास आहेत. बाकी नुसती भिंत रंगवलीय." दातवालीनं तो शेरा सात वर्षं पोटात ठेवला आणि तेवढ्यावर भिंत रंगवायचं सोडून दिलं.

आठ महिन्यांपूर्वी काकांना झटका आला. वाचा परतली, पाय फरफटत का होईना पण चालू लागला, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. सैन्य अर्धवट राहिलं. छत्तीस रंगवलेले, बारा कोरे. आणि क्लबाचा नियम कडक होता, कोरा सैनिक टेबलावर उतरवायचा नाही. महिन्यापूर्वी त्यांची सून खोकं घेऊन दातवालीच्या दारात आली. वर चिठ्ठी होती, डाव्या हातानं लिहिलेली, अक्षरं जत्रेत चुकल्यासारखी: "बारा बाकी. माझ्यासारखे करणे."

माझ्यासारखे! दातवालीला आधी हसू आलं, मग घाम फुटला. ती रेघ काढायला तिनं ब्रशाचे केस उपटून तीनच ठेवले, श्वास रोखला, मनगट पुस्तकांवर टेकवलं. बाराव्या सैनिकाला पोचली तेव्हा कुठं रेघ जमली. तीही त्यांच्या निम्म्यानं. "हा माणूस माणूस नाही," ती नवऱ्याला म्हणायची, "ह्याच्या बोटांना हाडंच नसणार."

आज दुपारी दोनला आजारपणानंतरचा काकांचा पहिला सामना होता. बारा वाजता ते स्वतः सैन्य न्यायला येणार होते.

उरलं होतं फक्त वार्निश. खेळताना सैनिक शंभर हातांतून जातात, रंग झिजतो, म्हणून वरून मॅट वार्निशचा फवारा मारायचा. त्यात दातवालीचा नियम होता, आणि तो ती क्लबात प्रत्येकाला बोट नाचवून सांगायची: आधी एक. एकावर मारा, दहा मिनिटं थांबा, मग बाकीचे. आणि हवा ओली असेल तर डब्याला हातसुद्धा लावू नका.

पण नऊ वाजत आले होते. समोरच्या घराचं छप्पर मघापेक्षा जरा स्पष्ट दिसतंय असं तिला वाटलं. मान धरली होती, डोळे चुरचुरत होते, आणि मनात एकच होतं: हे छत्तीस आणि हे बारा एकाच फवाऱ्याखाली एकाच कातडीचे व्हावेत, कुणाचं कुठलं हे कुणाला कळू नये. तिनं अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस उघड्या खोक्यात ठेवले, खांद्यानं मागचं दार ढकलून उघडलं आणि डबा हलवून या टोकापासून त्या टोकापर्यंत फवारा मारला. दोनदा.

चहा घेऊन परत आली तेव्हा तिला वाटलं भिंगावर वाफ धरलीय. भिंग काढलं, पदरानं पुसलं, पुन्हा चढवलं.

सगळे पांढरे. निळे डगले नाहीत, पट्टे नाहीत, तोंडं नाहीत. कुणीतरी सगळ्या पलटणीला पिठात लोळवून उभं केल्यासारखं.

"अहो," ती म्हणाली. आवाज इतका खाली की नवऱ्यानं इस्त्री तशीच ठेवली आणि धावत आला. मागं उशीचा अभ्रा जळाल्याचा वास सुटला.

तो खोक्याकडे बघत राहिला. "पुसून नाही का निघणार?"

"वार्निश आहे. वाळलं."

"त्यावर पुन्हा मारलं तर?"

"कोरड्या हवेत मारलं असतं तर विरघळून बसलंही असतं. या हवेत आणखी पांढरं होईल."

नवरा डोकं खाजवत म्हणाला, "मग सांग की, मुद्दाम केलंय. लढाईत धूळ उडतच असेल."

दातवालीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो निमूट जाऊन अभ्रा पाण्यात बुडवून आला. तिचे बारा गेले असते तर ती रडली नसती, महिनाभर पुन्हा बसली असती. पण ते छत्तीस म्हणजे अकरा वर्षांचं काम होतं, आणि ज्या हातानं केले तो हात आता झोळीत होता. 

तरी एक उपाय तिला माहीत होता. पांढरेपणा रंगात नसतो, वार्निशच्या खरखरीत पापुद्र्यात असतो. त्यावर ब्रशानं चकाकीचं, पाण्यात कालवलेलं पातळ वार्निश लावलं की खरखर भरते आणि खालचा रंग परत दिसतो. तिनं तिचा एक सैनिक उचलला, ब्रश बुडवला, डगल्यावरून ओढला. निळा रंग वर आला. नुसता आला नाही, ओल्या फरशीसारखा चमकत आला. तिनं दुसरा केला, तिसरा, भराभर बारा केले. नवरा प्रत्येकाला "आला, आला" म्हणत होता, बसमध्ये पोरं मोजल्यासारखा.

मग काकांचा एक घेतला. सगळ्यात मागच्या रांगेतला, टोकाचा. ब्रश छातीवर टेकवला, खाली ओढला.

ब्रशाचं टोक काळं झालं. काजांच्या त्या रेघा, केसाहून बारीक, विरघळून पांढऱ्या पट्ट्यावर ओघळल्या आणि हनुवटीपासून कमरेपर्यंत सैनिकाची छाती डागाळली.

तिनं ब्रश टाकला. हे रंग एकदा वाळले की पाण्याला दाद देत नाहीत, मग हे काय पळालं? अकरा वर्षं सगळा क्लब ज्या रेघांना नावाजत होता, त्या रंगाच्या नव्हत्याच. मग कशाच्या? आणि छत्तीसांत कुठं कुठं? छातीवर? टोपीवर? भुवयांत? विचारल्याशिवाय पुढं हात लावणं म्हणजे उरलेल्यांनाही मारणं.

ती फोनपाशी गेली. आकडे दाबले, ठेवला. पुन्हा दाबले. पलीकडून सून म्हणाली, "मावशी, आम्ही गाडीतच आहोत. बाबा नऊपासून बूट घालून बसलेत, घरात थांबेचनात. दहा मिनिटांत पोचतो."

"बरं," दातवाली म्हणाली. 

काका काठी टेकत आत आले तेव्हा पावणेअकरा झाले होते. गालफडं बसलेली, कोट मात्र सामन्याचा. खुर्चीत बसायलाच त्यांना मिनिट लागलं. तेवढ्या वेळात खोक्यावर कापड टाकता आलं असतं. दातवालीनं टाकलं नाही. सगळं खोकं त्यांच्यापुढं ओढलं.

काकांनी खाली पाहिलं. 

"कशानं?"

"वार्निश. ओल्या हवेत."

"आधी एकावर बघितलं नाहीस?"

"नाही."

"तू?" ते म्हणाले. "तू नाही बघितलंस?"

"नाही बघितलं, काका. घाई केली. चूक माझी." तिनं डागाळलेला सैनिक त्यांच्यापुढं ठेवला. "माझे बारा परत आलेत. तुमच्यातल्या एकाला हात लावला तर हे झालं. हा रंग नाही. काय आहे आणि कुठं कुठं आहे, ते मला सांगा."

काकांनी सैनिक डाव्या हातात घेतला. अंगठा छातीवरून फिरला. "रंगच आहे."

"रंग असा पळत नाही."

"मी सांगतो ना, रंग आहे! जसे आहेत तसे बांध. दोनला खेळायचंय मला."

"बाबा," सून म्हणाली, "असे भुतासारखे नेणार? लोक काय म्हणतील?"

"लोक तिला म्हणतील. मला कशाला म्हणतील?"

ते खरंच होतं. दातवालीनं तरी खोकं बांधायला घेतलं नाही. "म्हणू देत मला. पण बांधून दिले की हे कायमचे असेच राहतील. तुम्ही सांगितल्याशिवाय यांना पुन्हा कुणीही हात लावला तरी हेच होणार."

काकांनी सैनिक खाली ठेवला. तो कलंडला. त्यांनी उभा केला, पुन्हा कलंडला. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "शाई."

"काय?"

"शाई आहे. ऑफिसातली. निबेनं."

 सून म्हणाली, "म्हणजे बाबा, ती ब्रशकामाची ढाल…"

"ढाल तुझ्या सासूनं माळ्यावर टाकलीय. ढालीचं नाव काढू नकोस."

"तीन ढाली आहेत, बाबा."

"तिन्ही माळ्यावर आहेत!"

दातवाली स्टुलावर बसली. हसावं की रडावं तिला कळेना, आणि मग एकदम संताप आला. "महिनाभर डोळे फोडले मी, काका! ब्रशाचे केस उपटले! तीन केसांवर काढली मी ती रेघ, आणि तुम्ही ती निबेनं काढत होता?"

"ब्रश धरला की हात बावचळायचा माझा," काका म्हणाले. "पस्तीस वर्षं निब धरलेली. रंग भरता यायचा, रेघ नाही. एकदा काढली निबेनं, लोक वाहवा म्हणाले. मग सांगणार कुणाला?" त्यांनी तिच्या बारांपैकी एक उचलून डोळ्याजवळ नेला, नाकाला लागेपर्यंत. "ही तू ब्रशानं काढलीस?"

"मग काय कोयत्यानं?"

काकांनी सैनिक जागच्या जागी नीट ठेवला. "छातीवर आहे. टोपीच्या काठावर. पहिल्या रांगेत भुवयांनाही. पाण्यानं उठते ती."

"पाण्यानं," दातवाली म्हणाली आणि उठली. पाणी नको तर तेल. खरखर तेलानंही भरते, आणि ही शाई तेलाला हलायची नाही. निदान हलू नये. तिनं स्वयंपाकघरातून गोड्या तेलाची बाटली आणली, काडीला कापूस गुंडाळला. हात सैनिकांच्या रांगेवर थांबला. "कुठला घेऊ?"

काकांनी मागच्या रांगेतला एक बोटानं पुढं सारला. "हा. हा माझा नावडता आहे."

कापूस छातीवर टेकला. पांढरेपणा विरला. निळं वर आलं, पट्टा वर आला, काजांची रेघ वर आली. कापूस स्वच्छ होता.

"चल, बाकीचे," काका पुढं झुकले.

"दहा मिनिटं," दातवाली म्हणाली.

"अगं, अकरा वाजून गेले!"

"दहा मिनिटं, काका."

तशी दहा मिनिटं त्या घरात पुन्हा गेली नसतील. नवरा दारात उभा, सून घड्याळाकडे, काका बुटाचं टोक फरशीवर आपटत. दातवाली भिंगातून त्या एका छातीकडे डोळा लावून. सहाव्या मिनिटाला रेघेशेजारी काही सरकलं असं तिला वाटलं.  तेलाचा बुडबुडा होता, फुटला. रेघ होती तिथंच होती.

"घ्या," ती म्हणाली.

मग चौघेही टेबलाला भिडले. नवरा आणि सून डगल्यांची पाठ आणि विजारी करत होते, तिथं शाई नव्हती. छाती आणि टोप्या दातवाली. पहिल्या रांगेची तोंडं काकांनी मागून घेतली. डावा हात थरथरत होता, कापूस कधी कानाला लागे, कधी हवेत. सून म्हणाली, "बाबा, मी करू का?" काका म्हणाले, "मी यांना जन्माला घातलंय, तू तुझ्या विजारी पुस." आणि तेवढ्यात कडकन आवाज झाला. निशाणवाल्याची काठी त्यांच्या मुठीत मोडली.

कुणी काही म्हणायच्या आत दातवालीनं तुकडा त्यांच्या बोटांतून काढून घेतला, गोंदाचा थेंब लावला, दोन चिमट्यांत धरून तीस आकडे मोजले. "पुढचा," ती म्हणाली. काकांनी पुढचा घेतला, आणि या खेपेला तिनं न विचारता झाकण आपल्या हातात घट्ट धरून ठेवलं. थरथरता कापूस एका जागी थांबलेल्या तोंडापर्यंत आला. एक भुवई दिसली. मग दुसरी.

एक वाजून दहा मिनिटांनी पस्तीस परत आले होते. तेल टिपून झालं, माना वळवून बघून झालं. सगळे जरा ओशट चमकत होते, पण क्लबातले दिवे तसेही मिणमिणते. राहिला तो डागाळलेला.

दातवालीनं तो रांगेच्या अगदी मागं सारला. "इथं कुणाला दिसणार नाही. अठ्ठेचाळीस पुरे होतील."

काकांनी तो उचलून बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. "सत्तेचाळीस घेऊन खेळीन."

"एक कमी म्हणजे समोरच्याला आयता फायदा, काका."

"त्या क्लबात सगळ्यांना डोळे आहेत. शाई ओघळलेली कुणीतरी ओळखेल." त्यांनी काठी शोधली. सुनेनं खोकं उचललं. दारापाशी ते थांबले, तिच्याकडे न बघता. "बुधवारी येतो. त्याची छाती घासून काढ तोवर."

"मी रंगवते ना. ब्रशानं."

"मी रंगवणार. डाव्या हातानं. तू झाकण धरायचं."

"निबेनं?"

"बघू," काका म्हणाले आणि पायरी उतरायला लागले. एक पाय, मग काठी, मग दुसरा. गाडीचं दार लागलं. सामना कसा होणार हे विचारायचं तिच्या डोक्यात आलं तेव्हा गाडी धुक्यात वळली होती.

नवरा टेबलाकडे बघून म्हणाला, "आज ताट वर ठेवता येईल म्हणायचं."

"बसा तुम्ही. एवढं भिजत घालते."

नवं काम आलं होतं, चाळीस घोडेस्वार, अजून खोक्यात. कारखान्याच्या साच्याचं तेल अंगावर असतं, ते धुतल्याशिवाय रंग धरत नाही. तिनं परातीत कोमट पाणी घेतलं, साबण खळबळवला आणि घोड्यांचे सुटे पाय, शेपट्या आणि मुंडकी त्यात सोडली. मग जुना दाताचा ब्रश घेऊन एक पाय उचलला आणि घासायला बसली.